पोट शांत, रिपोर्ट ४८६: कॅलप्रोटेक्टिनचं नेमकं करायचं काय?

कृष्णाकाठ

विषय संडासचा आहे. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या अस्तराची वर्षानुवर्षं चालणारी सूज, होऊन नऊ वर्षं झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागापुरताच आहे. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. दिवसाला बारा-चौदा वेळा, रक्त, आव, रात्री तीनदा उठणं. सांगलीहून पुण्याला एसटीने जायचं तर आदल्या दिवसापासून उपास. स्टिरॉइडने तोंड पुरीसारखं फुगलेलं. मग हळूहळू मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर गाडी रुळावर आली. गेली चार वर्षं दिवसाला एकदा, फार तर दोनदा. रक्ताचा टिपूस नाही. यंदा भाऊबीजेला कोल्हापूरला मिसळ खाल्ली, तीही कट घेऊन, आणि काही झालं नाही.

डॉक्टर दर वर्षी रक्त आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी) तपासणी करायला लावतात. मागच्या वर्षी ६२ होतं. यंदा ४८६. सीआरपी (सूज दाखवणारा रक्तातला आकडा) २, हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे रक्तात काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी पुन्हा करू, तेव्हाही वर असेल तर दुर्बिणीने बघू.

घरी आले तर नवरा म्हणतो, "औषध तुला द्यायचं की आकड्याला?" प्रश्न बिनतोड आहे. मला खरंच काही होत नाहीये. पण चार रात्री झोप नाही. इथे कुणी ही तपासणी नेमाने करणारं आहे का? आकडा वर गेला आणि त्रास झालाच नाही, असं कुणाचं झालंय का?

---

प्रयोगशाळेतला

ताई, मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. आकडा कुठून येतो तेवढं सांगतो.

आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. कुठे सूज आली, जंतू शिरले की आधी त्या धावतात. कॅलप्रोटेक्टिन हे त्यांच्या पोटातलं प्रथिन. पेशीच्या आतल्या द्रवात जेवढी प्रथिनं असतात त्यातलं निम्म्याहून जास्त हेच. आतड्याच्या अस्तराला सूज असली की या पेशी अस्तरातून पलीकडे आतड्याच्या पोकळीत उतरतात, तिथे फुटतात आणि हे प्रथिन शौचात मिसळतं. कॅल्शियमला धरून राहत असल्यामुळे आतड्यातले जंतू त्याला सहज पचवू शकत नाहीत, म्हणून ते बाहेर येईपर्यंत टिकतं. नॉर्वेतल्या लोकांनी हे १९८०च्या सुमारास पेशींमधून वेगळं काढलं आणि १९९२ मध्ये शौचात मोजायची पद्धत दिली.

सीआरपी बनतं यकृतात. कोलायटिसची सूज आतड्याच्या वरच्या थरापुरती असली तर यकृताला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तुमचं सीआरपी २ आणि कॅलप्रोटेक्टिन ४८६, यात विसंगती काही नाही.

आता माझे प्रश्न. त्या आधीच्या पंधरा-वीस दिवसांत अंगदुखीच्या, दातदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या का? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे? जुलाब, बाहेरचं पाणी? ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू आहे का? या सगळ्यांनी आकडा चढतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन्ही वर्षं लॅब एकच होती का?

---

कृष्णाकाठ

लॅब तीच. मात्र दाताचं रूट कॅनाल झालं होतं आणि पाच दिवस आयबुप्रोफेन घेतलं होतं!! हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. दाताचा आणि पोटाचा संबंध असेल हे डोक्यात येणार तरी कसं. जरा जीव भांड्यात पडला.

---

प्रयोगशाळेतला

लगेच भांड्यात पाडू नका. गोळ्यांनी चढतो हे खरं, पण ६२चा ४८६ त्यानेच झाला असं इथे बसून कुणी सांगू शकणार नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी कोलायटिस स्वतःच उसळतो, असंही होतं. डॉक्टरांना फोन करून सांगा आणि दुसरा नमुना त्या गोळ्या बंद होऊन चारेक आठवडे झाल्यावरच द्या.

नमुन्याबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे दहातले तीन-चार नमुने गडबडीचे येतात.

सकाळचं पहिलं शौच घ्या. रात्रभर आतड्यात साठलेलं असतं. दिवसभरातल्या दोन वेळच्या शौचांतही आकड्यात बराच फरक पडतो, म्हणून दर वेळी सकाळचंच घ्यायचं, म्हणजे तुलना तरी सारख्याशी सारखी होते. लघवी आधी उरकून घ्या. भारतीय संडास असेल तर भांड्यात जाड प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्राची चांगली जाड घडी पसरा, पाणी नंतर. पाण्यात पडलेलं उचलून देऊ नका. डबीच्या झाकणाला छोटा चमचा असतो, त्याने वाटाण्याएवढं दोन-तीन जागचं घ्या. रक्ताचा किंवा आवेचा भाग मुद्दाम वेचून घेऊ नका, "डॉक्टरांना दिसावं म्हणून" लोक तेवढंच पाठवतात. डबी काठोकाठ भरायची नसते. एका आजोबांनी श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा भरून आणला होता. लॅबमधल्या कुणी नंतर महिनाभर श्रीखंड खाल्लं नाही.

त्याच दिवशी देता आलं तर उत्तम. नाहीतर फ्रीजमध्ये. "आठवडाभर बाहेर टिकतं" असं पूर्वी सांगायचे, पण उन्हाळ्यात आपल्याकडे तीन दिवसांनीच आकडा उतरायला लागतो, आणि खोटा कमी आकडा हा खोट्या जास्त आकड्यापेक्षा वाईट. कोलोनोस्कोपी ठरली असेल तर पोट साफ करायचं औषध घेण्याआधीचाच नमुना द्या.

---

चिंचपाणी

माझी उलटी गोष्ट. तीन वर्षं पोटात कळा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ. घरचे कॅन्सरपर्यंत पोचले होते. कॅलप्रोटेक्टिन आलं २१. डॉक्टर म्हणाले, आयबीएस (चिडकं आतडं) आहे, आतड्याला सूज नाही, आता दुर्बीण नको. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ सालीच ही तपासणी याच कामासाठी, म्हणजे नुसतं चिडकं आतडं की सुजलेलं आतडं हे ओळखायला, मान्य केली असं त्यांनी सांगितलं. माझे कोलोनोस्कोपीचे पैसे वाचले. ५०च्या खाली असेल तर आयबीडीची (म्हणजे कोलायटिस, क्रोन्ससारख्या आतडं सुजवणाऱ्या आजारांची) शक्यता अगदी कमी, एवढं मला समजलं.

---

बाप_डोंबिवलीचा

मुलगा तेरा वर्षांचा, क्रोन्स (हाही आतड्याच्या सुजेचाच आजार), लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. निदानाच्या वेळी कॅलप्रोटेक्टिन १८०० की काहीसं होतं. तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, निदान पक्कं. डॉक्टर म्हणाले, नाही, हा आकडा फक्त "आत आग आहे" एवढंच सांगतो, कुणी लावली ते सांगत नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब असाच दिसतो आणि त्यातही हा आकडा चढतो. बायोप्सी, टीबीच्या तपासण्या, छातीचा सीटी, सगळं करूनही नक्की होईना, मग आधी टीबीची औषधं चालू केली. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तर व्रण जिथल्या तिथे. तेव्हा क्रोन्स म्हणून उपचार सुरू झाले. ते दोन महिने कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

आता आठ महिने अडालिमुमॅब या सूज रोखणाऱ्या इंजेक्शनवर आहे, बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं). दर तीन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन. १८०० वरून ६४०, २९०, १७०. मुलाला दर वेळी भूल देऊन दुर्बीण घालायची तर काळजाचं पाणी होतं, त्यापेक्षा ही डबी परवडली. तो मात्र वैतागतो. "बाबा, मी आठवीत आहे, मी डबी भरणार नाही." शेवटी तह झाला: डबी तो भरणार, लॅबपर्यंत मी नेणार, आणि आईला त्यातलं काही सांगायचं नाही.

एक धोका मात्र आम्हाला सांगून ठेवलाय. फक्त लहान आतड्यात आजार असेल तर आकडा कधीकधी आजाराच्या मानाने कमी दिसतो. म्हणून वजन आणि उंची आम्ही भिंतीवर पेन्सिलीने लिहितो. उंची वाढतेय, हेच माझं खरं कॅलप्रोटेक्टिन.

---

जुनेजाणते

पूर्वी असल्या तपासण्या नव्हत्या, माणसं जगतच होती. कुटजारिष्ट, बेलाचा मुरांबा, सकाळ-संध्याकाळ ताक. आकडे बघून आजारी पडायची ही नवी रीत. अडीच-तीन हजार रुपये त्या डबीचे!

---

थेम्सकाठी

काका, ताक मीही पितो. पण "जगतच होती" यातली बरीच माणसं आतडं कापून किंवा रक्त जाऊन जाऊन संपली, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही एवढंच.

मी लंडनजवळ राहतो, सात वर्षं क्रोन्स. इथे डबी पोस्टाने घरी येते, पाकिटात घालून परत पाठवायची. रिपोर्ट आयबीडीची नर्स फोनवर सांगते. काही ठिकाणी तर घरीच पट्टीवर नमुना लावून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजायची सोय आहे, मी एकदा केली. स्वयंपाकघरात नको एवढाच सल्ला देईन.

आकडा बघून औषध बदलल्याने खरंच फरक पडतो का, हा धागाकर्तीच्या यजमानांचा प्रश्न चांगला आहे आणि त्यावर रीतसर अभ्यास झालाय. काल्म नावाचा, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. क्रोन्सचे २४४ रुग्ण, सगळ्यांना गरजेप्रमाणे अडालिमुमॅब वाढवत न्यायचं. निम्म्यांचं औषध फक्त लक्षणं आणि स्टिरॉइडची गरज बघून वाढवायचं, निम्म्यांचं त्याशिवाय कॅलप्रोटेक्टिन २५०च्या वर किंवा सीआरपी ५च्या वर गेलं तरी वाढवायचं, पोट दुखत असो वा नसो. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीने पाहिलं. आकडे बघणाऱ्या गटात ४६ टक्के लोकांची आतडी भरून आली होती, दुसऱ्या गटात ३० टक्के. म्हणजे आकड्याला औषध दिलं तरी ते लागतं माणसालाच. शंभरातल्या चोपन्न जणांची तरीही भरली नाहीत, हेही त्यात आलंच.

---

जुनेजाणते

ठीक आहे, तो मुद्दा मान्य. ताकाचा मुद्दा मी सोडत नाही.

---

पांढरा_कोट

पोटविकारांचा डॉक्टर आहे. इथे वैयक्तिक सल्ला देत नाही, पण ढोबळ चौकट सांगतो, कारण लोक ५०, १५०, २५० हे आकडे वाचून गोंधळतात.

५० हा निदानाच्या वेळचा आकडा आहे, चिंचपाणी यांनी लिहिलं तसा. आजार आधीच ठरलेला असेल तर त्याला धरून बसू नका. उपचारांचं मधलं उद्दिष्ट म्हणून १०० ते २५०च्या आत आणा, असं २०२१ पासूनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आहे. अमेरिकेतल्या पोटविकार संघटनेने २०२३ मध्ये १५० ही रेघ धरली. (सगळे मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. काही रिपोर्टवर मिलिग्रॅम प्रति किलो लिहिलेलं असतं, ते एकच. त्यावरून घाबरून आलेले दोघं मला याच महिन्यात भेटले.)

त्या २०२३च्या शिफारशींतली मेख मला आवडते. रुग्णाला काही त्रास नाही आणि आकडा १५०च्या खाली, तर दुर्बीण नको, सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासा. रुग्णाला जोराचा त्रास आहे, रक्त आहे, आणि आकडाही वर, तर दुर्बिणीची वाट न पाहता उपचार वाढवायला हरकत नाही (जंतुसंसर्ग नाही ना, एवढं बघून). पण पोट आणि आकडा यांचं जुळत नसेल, म्हणजे त्रास नाही आणि आकडा वर, किंवा थोडाफार त्रास आहे आणि आकडा कसाही असो, तर आकड्यावर विसंबू नका, आत डोकावून बघा. धागाकर्तींचं प्रकरण नेमकं इथे बसतं. त्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून मग दुर्बीण म्हटलं, ते मला रास्त वाटतं. नुसत्या एका आकड्यावर स्टिरॉइड चालू केलं असतं तर मी भांडलो असतो.

त्रास नसताना आकडा चढला की पुढे आजार उसळण्याची शक्यता वाढते, आणि तो बऱ्याचदा दोन-तीन महिने आधी चढायला लागतो. चढलेल्या प्रत्येकाचा उसळतोच असं मात्र नाही. म्हणून सलग दोन आकडे.

आणखी एक, हे लोक हमखास विसरतात. मोठ्या आतड्याचा कोलायटिस असेल तर निदानानंतर साधारण आठ वर्षांनी कॅन्सरच्या टेहळणीसाठी कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. कॅलप्रोटेक्टिन २० आलं तरी ती टळत नाही. ताई, तुमचं नववं वर्ष आहे.

---

पाचवा_महिना

मला कोलायटिस आहे आणि मी गरोदर आहे. गरोदरपणात ईएसआर (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) आपोआप वाढतो, हिमोग्लोबिन उतरतं, सीआरपीचाही नीट भरवसा नाही आणि दुर्बीण कुणालाच नको असते. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, या दिवसांत शौचाची तपासणीच कामाची, गर्भारपणाने तिचा आकडा फारसा हलत नाही. दर तिमाहीला एकदा ठरलंय. पहिला ९०. गोळ्या बंद करायच्या नाहीत हेही त्यांनी तीनदा बजावलं, कारण आजी "पोटात बाळ आहे, विष नको" म्हणून डबा लपवून ठेवते.

लॅक्टोफेरिन म्हणून अजून एक तपासणी रिपोर्टवर दिसली, ती काय?

---

प्रयोगशाळेतला

तेही न्यूट्रोफिलमधलंच प्रथिन, काम तेच. आपल्याकडे फार कमी लॅब करतात. शौचातलं न दिसणारं रक्त मोजणारी फिट तपासणी स्वस्त पडते आणि जपानमध्ये कोलायटिससाठी तिच्यावर बरंच काम झालंय, पण मूळव्याध असेल तर ती फसते.

लॅब बदलू नका हे पुन्हा सांगतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एकाच डबीतले दोन नमुने दोन लॅबमध्ये दिले तर एकीकडे १८०, दुसरीकडे ३५० येऊ शकतं. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते, एलायझा, क्लिया, जे काय असेल ते. तीही आकड्याशेजारी वहीत टिपून ठेवा. काही मशीन ठरावीक आकड्याच्या वर मोजत नाहीत, नुसतं "१००० पेक्षा जास्त" छापतात. मग ३०००चं १२०० झालं तरी रिपोर्ट तसाच आणि पेशंट म्हणतो औषध लागू पडत नाही.

---

कृष्णाकाठ

सात आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

आयबुप्रोफेन बंद करून महिना उलटल्यावर नमुना दिला. सकाळचा, वर्तमानपत्रावरचा, अगदी सांगितल्यासारखा. आला ४१२. म्हणजे दातावर ढकलून मोकळं होता आलं नाही.

आता खरं सांगते, जे वर लिहिलं नव्हतं. मेसालामाइनच्या ८०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आहेत, सकाळ-दुपार-रात्र. मी शाळेत शिकवते. दुपारची गोळी दोन वर्षांपासून नावालाच होती. डब्याच्या पिशवीत पट्टी असायची, मधल्या सुट्टीत वह्या तपासत बसायचे, पट्टी तशीच घरी. गेल्या सहा महिन्यांत तर रात्रीचीही कधी राहायची, कारण त्रासच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं "गोळ्या नियमित?" आणि मी नऊ वर्षांच्या सवयीने "हो" म्हटलं. दुसरा आकडा बघून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नुसते बघत राहिले. मग माझ्याच तोंडून निघालं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, तिन्ही एकदम सकाळीच घ्या, गुण तेवढाच येतो. हे मला कुणी नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं, की मी विचारलं नव्हतं, देव जाणे.

कोलोनोस्कोपी पूर्णच केली, पांढरा_कोट यांनी नऊ वर्षांचं लिहिलं होतं ते दाखवलं तेव्हा ते हसले, त्यांच्याही कागदावर ते होतंच. शेवटच्या वीसेक सेंटीमीटरमध्ये लाली, बारीक रक्तवाहिन्या पुसट दिसत होत्या, मेयो १, म्हणजे सौम्य सूज. व्रण नाही. बाकी आतडं स्वच्छ. बायोप्सीत सूज चालू आहे असं आलं, कॅन्सरच्या दिशेचं काही नाही. गोळ्या नीट आणि रात्री मेसालामाइनचा एनिमा आठ आठवडे. एनिमाबद्दल लिहीत नाही, डाव्या कुशीवर झोपायचं आणि हसायचं नाही, एवढंच.

---

बाप_डोंबिवलीचा

ताई, खरं लिहिलंत, बरं वाटलं. आमच्याकडे पट्टीवर तारखा लिहून ठेवतो, राहिली की दिसते. मुलाचं या वेळी १२०.

---

कृष्णाकाठ

अरे वा! पोराला शाबासकी. आणि भिंतीवरची रेघ?

माझंही कळवते, अडीच महिन्यांनी: ११८. एनिमा संपला. नवऱ्याने आकडा ऐकून विचारलं, "मग आता मिसळ?" मी म्हटलं, मिसळ तेव्हाही बंद नव्हती.

शेवटच्या वेळी लॅब रविवारी बंद होती म्हणून डबी फ्रीजमध्ये ठेवायला लागली. दोन पिशव्यांत घालून, वर स्टीलचा डबा, दाराच्या खालच्या कप्प्यात. सकाळी सासूबाई विचारतात, "हा विरजणाचा डबा कुणी इथे खाली ठेवला?" झाकणाला हात लागलेलाच होता. मी स्वयंपाकघरापर्यंत इतकी जोरात कधी धावले नव्हते, त्या बारा-चौदा वेळांच्या दिवसांतसुद्धा नाही.

आता त्या डब्यावर सासूबाईंनी स्वतः लाल ऑइलपेंटने लिहिलंय: सूनबाईंचा. हात लावू नये.